विग आधी उलटा करून बघा: किमोच्या काळात विग निवडायची रीत

किमो सुरू असलेल्या घरातून मला फोन येतो, तेव्हा पहिलं वाक्य बहुतेक एकच असतं: "केस सगळे गेले हो, आता विग कुठे मिळेल?" क्रम तिथेच चुकलेला असतो. माझ्या नणंदेच्या वेळी आम्हीही तेच केलं. केस हातात यायला लागल्यावर धावाधाव, एका दुपारी एक दुकान, समोर आला तो दाट काळाभोर विग, साडेअकरा हजार रुपये. आरशात बघून ती म्हणाली, "वहिनी, दशावतारातली राणी वाटतेय मी." आम्ही दोघी हसलो आणि तरीही तो घेतला, कारण दुसऱ्या दिवशी किमोची तारीख होती. वन्संनी तो एकूण तीन वेळा घातला.

त्यानंतर ओळखीतल्या नऊ-दहा जणींबरोबर मी विग घ्यायला गेले आहे. चुका त्याच त्याच होतात. एक तर वेळ चुकते, आणि दुसरं म्हणजे सगळे विग समोरून बघतात, तर डोक्याला दिवसभर लागते ती आतली बाजू. खालचा क्रम शक्यतो मोडू नका.

आधी डॉक्टरांना विचारायचं

दुकानाचा पत्ता शोधण्याआधी ओपीडीत हे प्रश्न विचारा. चिठ्ठीवर लिहून न्या, आत गेल्यावर आठवत नाहीत.

माझ्या औषधाने केस जाणार का? प्रत्येक किमोने टक्कल पडत नाही. डॉक्सोरुबिसिन, ज्याला वॉर्डात सगळे 'लाल औषध' म्हणतात, तसंच पॅक्लिटॅक्सेल आणि डोसिटॅक्सेल यांनी बहुतेकांचे केस जातात. कॅपेसिटाबीनसारख्या गोळ्यांनी सहसा पूर्ण जात नाहीत, थोडे विरळ होतात. टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल या हार्मोनच्या गोळ्यांनीही काहींचे केस पातळ होतात, पण त्यासाठी पूर्ण विगची घाई करू नका.

कधी जाणार? पहिल्या डोसनंतर साधारण २ ते ३ आठवड्यांत गळती सुरू होते, आणि सुरू झाली की काही दिवसांत पुंजकेच्या पुंजके येतात. म्हणजे पहिली किमो झाली की तुमच्या हातात जेमतेम पंधरवडा असतो.

मला फक्त रेडिएशन आहे, तरी केस जातील का? रेडिएशन ज्या भागावर दिलं जातं तिथलेच केस जातात. स्तनावर किंवा पोटावर शेक घेणाऱ्यांच्या डोक्यावरच्या केसांना त्याने काही होत नाही. मेंदूवर रेडिएशन असेल तर मात्र त्या भागातले केस जातात, आणि मात्रा जास्त असेल तर तिथे ते पूर्ण परत येतीलच असं नाही.

कोल्ड कॅप मला चालेल का? किमो चालू असताना डोकं थंड ठेवून केस वाचवायचा हा उपाय काही मोजक्या रुग्णालयांत मिळतो. तो पहिल्याच सलाइनपासून करावा लागतो, आणि रक्ताच्या कॅन्सरमध्ये सहसा देत नाहीत. दोन किमो झाल्यावर विचारून उपयोग नाही.

टप्पा १: केस जागेवर असतानाची कामं

ही कामं पहिल्या किमोच्या आधीच्या आठवड्यात उरका. अर्धा तास लागतो.

फोटो काढा. दिवसा, खिडकीजवळ, रोज बांधता तशा केसांत: समोरून, दोन्ही बाजूंनी, मागून, आणि वरून भांग दिसेल असा एक. शिवाय भुवयांचा अगदी जवळून वेगळा फोटो. किमोत भुवया आणि पापण्याही जाऊ शकतात, आणि पेन्सिलने भुवई रेखायची वेळ आली की आपली भुवई नेमकी कुठून सुरू होत होती हे आठवत नाही. खरंच आठवत नाही.

एक बट कापून ठेवा. टोकाकडची नको, टोकं उन्हाने आणि तेला-मेंदीने फिकी-तांबूस झालेली असतात. कानामागून, मुळाजवळून घ्या, दोऱ्याने बांधा, पोस्टकार्डाएवढ्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर चिकटपट्टीने लावा. दुकानात रंग जुळवायला फोटोपेक्षा ही बट कामाला येते.

डोक्याचं माप घ्या. शिंप्याचा टेप, केस चापून बसवलेले, आणि माप घ्यायला दुसरं माणूस. तीन मापं लागतात:

- घेर: कपाळावर जिथून केस सुरू होतात तिथून, कानांच्या वरून, मानेच्या खळगीपर्यंत आणि परत.
- कपाळावरच्या केसांच्या रेषेपासून डोक्यावरून मानेच्या खळगीपर्यंत.
- एका कानाच्या वरच्या टोकापासून टाळूवरून दुसऱ्या कानापर्यंत.

बहुतेक बायकांचा घेर ५४ ते ५७ सेंटिमीटरच्या आसपास भरतो आणि तयार विगही बहुधा त्याच मापाचे असतात. तुमचं माप त्याच्या बरंच खाली किंवा वर असेल तर तयार विगमध्ये लहान किंवा मोठा साइज मागावा लागेल, हे आधीच कळलेलं बरं.

> तपासा: घेर दोनदा मोजा. दोन मापांत अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर टेप मागे वर-खाली सरकतोय. केस गेल्यावर घेर थोडा कमी होतो. जाड वेणीवाल्यांचा जास्त. म्हणून ही मापं शेवटची समजू नका.

टप्पा २: पैशांचं ठरवा, मोफत मिळतो का तेही बघा

सिंथेटिक विग दोन-चार हजारांपासून सुरू होतो. खऱ्या केसांचा सहसा दहा हजारांच्या पुढेच, आणि वर कुठे थांबेल सांगता येत नाही. मेडिक्लेममध्ये विगचा खर्च सहसा धरत नाहीत. अमेरिकेत असाल तर डॉक्टरांकडून नुसतं 'विग' न लिहून घेता 'क्रेनियल प्रॉस्थेसिस' असं लिहून घ्या, काही विमा कंपन्या त्या नावाखाली पैसे देतात.

रुग्णालयातल्या मेडिकल सोशल वर्करना भेटा. परळच्या टाटासारख्या मोठ्या रुग्णालयात हा विभाग असतोच. दान केलेल्या केसांचे विग मोफत देणाऱ्या संस्था मुंबई-पुण्यात आहेत, आणि कुठे अर्ज करायचा हे सोशल वर्करना माहीत असतं. बहुतेक ठिकाणी उपचाराचे कागद आणि आधार कार्डाची प्रत मागतात, आणि नंबर लागायला वेळ जातो. म्हणून अर्ज किमो सुरू होण्याआधी, निदान पहिल्या किमोच्या दिवशी तरी टाका.

स्वतःच्या कापलेल्या केसांचा विग करून द्या, असं बऱ्याच जणी म्हणतात. एका डोक्याच्या केसांत पूर्ण विग सहसा होत नाही, त्याला अनेकींचे केस लागतात. बनवायलाही इतका वेळ जातो की तुमचे केस जाऊन महिने उलटलेले असतात. फार वाटत असेल तर त्या केसांची कपाळापुरती पट्टी करून मिळते, जी टोपीखाली किंवा ओढणीखाली घालता येते.

माझं मत विचाराल तर पाच-सहा महिन्यांच्या उपचारासाठी पहिला विग सिंथेटिक घ्या आणि उरलेल्या पैशांत तीन चांगल्या सुती टोप्या घ्या. विगपेक्षा त्याच जास्त वापरात येतात.

टप्पा ३: विग उलटा करा

दुकानात शिरल्यावर दुकानदार विग झटकून, केस मोकळे सोडून समोर धरतो. तुम्ही तो हातात घ्या आणि मोज्यासारखा उलटा करा. किमोनंतरची टाळू दुखरी असते. पुष्कळांना केस गळायच्या आधीच मुळं ठणकतात, उशीला डोकं टेकवत नाही. त्या टाळूला टोचणारी एखादी शिवणही दुपारपर्यंत नकोशी होते.

आतून साधारण चार प्रकार दिसतील.

पट्ट्यांचा. मशीनवर शिवलेल्या केसांच्या आडव्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा. हा सगळ्यात स्वस्त आणि हवा खेळणारा असतो. पण पट्ट्यांच्या शिवणी कातडीला लागतात, आणि माथ्यावर शिवण दिसू नये म्हणून तिथले केस मुळाशी कुरळे करून फुगवलेले असतात. आतून सुती टोपी घातली तर चालतो.

मोनो. माथ्याला पातळ पारदर्शक जाळी असते आणि तिच्यात एकेक केस हाताने ओवलेला असतो. भांग पाडला की खाली टाळू दिसल्यासारखं वाटतं. ही जाळी काही ठिकाणी किंचित खरखरीत लागते, म्हणून आत मऊ अस्तराचा दुसरा थर असलेला मोनो मागा.

पूर्ण हाताने ओवलेला. सगळ्यात मऊ आणि हलका, आणि सगळ्यात महाग. दुखऱ्या टाळूला हाच सर्वांत बरा.

स्किन टॉप. माथ्याला कातडीसारखा प्लास्टिकचा तुकडा. दिसायला छान, पण त्यातून वारा जात नाही. मुंबईच्या दमट हवेत किंवा नागपूरच्या मे महिन्यात तो घालून बघण्याची हौस करू नका.

यांतल्या कुठल्याही प्रकाराला पुढे लेस असू शकते. कपाळाजवळची रेषा तिने खूप खरी वाटते, म्हणून केस मागे घेऊन बांधणाऱ्यांना ती उपयोगी. पण काही लेसचे विग गोंद लावूनच बसतील अशा बेताने बनवलेले असतात. गोंदाशिवाय, नुसत्या मानेजवळच्या आवळायच्या पट्ट्यांवर बसतो का, हे विकत घेण्याआधी विचारा आणि समोर बसवून दाखवायला सांगा.

आता बोटं फिरवा. आतल्या बाजूने हाताचा तळवा नको, मनगटाची आतली नाजूक बाजू घासून बघा. जिथे टोचतं तिथे बोट ठेवून दुकानदाराला दाखवा. मानेजवळच्या दोन पट्ट्या, त्यांचे हूक किंवा व्हेल्क्रो, हेही बघा. व्हेल्क्रोची खरखरीत बाजू मानेला लागत नाही ना?

> सावध: क्लिपचे 'टॉपर', 'पॅच', 'विव्हिंग', 'बाँडिंग' हे सगळं किमोत बाद. क्लिप अडकवायला स्वतःचे केस लागतात आणि ते जाणार आहेत. विव्हिंग आपल्याच केसांना बांधतात, ते मुळं आणखी ओढतं. गोंद आणि टेपने नाजूक कातडी सोलली जाते, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी असताना साध्या जखमेतूनही संसर्ग होतो. "मॅडम, हे पक्कं बसतं" असं कोणी म्हटलं की तुम्हाला किमो चालू आहे हे स्पष्ट सांगा.

टप्पा ४: केस खरे की सिंथेटिक

लोक या प्रश्नावर सगळ्यात जास्त वेळ घालवतात. तेवढी गरज नाही.

सिंथेटिक धुतला की परत तसाच बसतो. सकाळी उठून उभं राहायचं त्राण नसतं त्या दिवसांत हा मोठा फायदा. वजन कमी. तोटा म्हणजे रोज घातला तर मानेला घासून टोकं चार-सहा महिन्यांत गुंतायला, भुरभुरीत व्हायला लागतात, आणि उष्णता अजिबात चालत नाही. फोडणी देताना कढईवर वाकलं, कुकरची वाफ तोंडावर आली, तव्यावर भाकरी उलटायला खाली झुकलं, की कपाळावरचे केस आकसून नायलॉनच्या दोऱ्यासारखे होतात. ते परत सरळ होत नाहीत. इस्त्रीची वाफ, केसांचा ड्रायर, उदबत्ती-निरांजन हेही त्याच यादीत.

खऱ्या केसांचा विग नीट जपला तर वर्षभर आणि त्याहून जास्तही चालतो, वेणी घालता येते, हलकी गरम हवा चालते. पण धुतल्यावर प्रत्येक वेळी सेट करावा लागतो. पावसाळ्यात फुगतो. "खरे केस" म्हणून सिंथेटिक मिसळलेला विग विकणारेही भेटतात, म्हणून विगमधला एखादा केस काढून जाळून दाखवायला सांगा. खरा केस जळला की केस जळल्याचाच वास येतो आणि हातात चुरा होतो. सिंथेटिक वितळून कडक गोळी होते. ही परीक्षा दुकानदाराला करू द्या, तुमच्या डोक्यापासून लांब.

टप्पा ५: रंग, दाटपणा, लांबी

साडेअकरा हजारांची चूक आम्ही इथेच केली.

आपण म्हणतो "माझे केस काळेभोर होते". पण बहुतेक आपले केस उन्हात नेले की गडद तपकिरी असतात. विगच्या रंगपट्टीवर 'वन' म्हणजे शाईसारखा काळा, आणि तो चेहऱ्यावर बाहेरून ठेवल्यासारखा दिसतो. 'वन-बी' मवाळ काळा, 'टू' गडद तपकिरी. पुठ्ठ्यावरची बट दाराबाहेर उजेडात नेऊन जुळवा, आणि दोन रंगांत अडलात तर फिका घ्या. किमोत चेहरा फिकुटलेला असतो, त्याच्या शेजारी गडद रंग तो आणखी ओढलेला दाखवतो. पिकलेले केस असतील तर वयाला शोभेल असा मिश्र रंग मागा. साठीला पंचविशीचे केस घेतले की बघणाऱ्याची नजर आधी तिकडेच जाते.

दाटपणाच्या बाबतीत मोह आवरा. दुकानात दाट विग श्रीमंत वाटतो, घरी टोप वाटतो. केसांची घनता टक्क्यांत सांगतात. १५० टक्के म्हणजे जाहिरातीतले केस. १३० किंवा त्याहून कमी मागा. जास्त दाट असेल तर घेतलेला विगही आतून पातळ करून मिळतो, पण ते काम विगचा हात असलेल्याकडूनच करून घ्या.

लांबी खांद्याच्या वर ठेवा. खांद्याला टेकणारे केस सतत घासून गुंततात, ब्लाउजच्या हुकात अडकतात, मानेला गरम होतात. कमरेपर्यंत वेणी असलेल्या बाईला हे ऐकवत नाही, मला माहीत आहे. पण जिने किमोच्या आधीच केस खांद्यापर्यंत कापून घेतले, तिच्या सोसायटीत पुढचा विग कोणाला ओळखू आला नाही. लोकांना नवा हेअरकट आधीच सवयीचा झाला होता. जमलं तर हे कराच.

टप्पा ६: दुकानातली परीक्षा

किमोच्या आदल्या दिवशी जाऊ नका. सकाळी, खाऊन, एका माणसाला बरोबर घेऊन जा. जिच्याबरोबर जाल ती स्पष्ट बोलणारी हवी. "छान दिसतंय गं" म्हणणारी मैत्रीण घरी ठेवा. चश्मा, रोजचे कानातले, आणि नेहमी घालता त्या गळ्याचा कपडा न्या. विग डोक्यावर ठेवण्याआधी दुकानाकडून नवी नायलॉनची आतली टोपी मागा. अनेकींच्या डोक्यावर गेलेला विग उघड्या टाळूवर घ्यायचा नाही.

बसवताना पुढून मागे. पुढची कड भुवईपासून साधारण चार बोटं वर. कानांसमोर दोन छोटी पाकळीसारखी टोकं असतात, ती दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर, कानाच्या पुढे सपाट बसली पाहिजेत. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे विग भीतीपोटी खाली ओढणे. कपाळ दोन बोटांचं झालं की कोणालाही कळतं.

मग हे करून बघा:

- मोठ्यांच्या पाया पडताना वाकतो तसं पूर्ण वाका आणि सरळ व्हा. पुढे सरकला?
- मान दोन्हीकडे झटका. मागची कड मानेवरून वर चढली?
- पंखा पाचवर ठेवून खाली उभ्या राहा. लोकलच्या दारातला वारा याच्या दुप्पट असतो, पण अंदाज येतो.
- पट्टीच्या आत दोन बोटं जाताहेत का? एकही जात नसेल तर तासाभरात डोकं ठणकेल.
- चश्म्याच्या काड्या पाकळ्यांच्या वरून जातात की खालून? कानातलं अडकतंय?
- दाराबाहेर या, दिवसाच्या उजेडात मागून फोटो काढायला सांगा.

आणि मग तो डोक्यावर ठेवूनच अर्धा तास बसा. चहा मागवा. दुकानदार घाई करत असेल तर ते दुकान नको. खुपतं ते पंचविसाव्या मिनिटानंतर कळतं. आमच्या बाबतीत टॅक्सीत कळलं.

> सावध: ऑनलाइन मागवायचाच असेल तर विक्रेता वापरून परत घेतो का ते आधी वाचा. डोक्यावर घातलेला विग बहुतेक जण स्वच्छतेच्या कारणाने परत घेत नाहीत.

पैसे देताना तीन गोष्टी बिलावर लिहून घ्या: केसांचा प्रकार, नंतरचं एक फिटिंग आणि कातरकाम किमतीत धरलं आहे का, आणि किती दिवसांत बदलून मिळेल.

टप्पा ७: केस उतरवणं

विग घरात आल्यावरच हे करा. गळती सुरू झाल्यावर रोज उशीवर, ताटात, बाथरूमच्या जाळीत केस बघण्यापेक्षा एकदाच मशीन फिरवलेलं बऱ्याच जणींना सोपं जातं. काही जणींना नाही. आपल्याकडे बाईचं डोकं उतरवणं म्हटलं की घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मनात काय काय येतं, ते त्या बोलत नाहीत, पण स्वयंपाकघरात जाऊन रडतात. त्या वेळी त्यांना समोर बसायला लावू नका.

वस्तरा किंवा ब्लेड लावायचं नाही. गळती सुरू होते ते दिवस आणि रक्तातल्या पेशींचे काउंट खाली जातात ते दिवस जवळजवळ एकच असतात, आणि डोक्यावरचा एखादा काप महागात पडतो. कंगवा लावलेलं ट्रिमर वापरा, काही मिलिमीटर खुंट राहू द्या. सलूनवाल्याला घरी बोलावलं तर मशीनचं पातं त्याच्यासमोर स्पिरिटने पुसून घ्या, किंवा घरचंच ट्रिमर द्या. खुंट टोचू लागले तर मऊ टॉवेल हलका दाबून फिरवा, ते निघून येतात.

> तपासा: टाळूवर पुळ्या, पू, लाल चट्टे किंवा ताप असेल तर विग थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. ताप असेल तर रात्रीही वाट बघू नका, रुग्णालयात फोन करा.

टप्पा ८: दुसरं फिटिंग आणि कातरकाम

केस गेल्यावर विग सैल वाटतो. आतल्या पट्ट्या एक-दोन हूक आत घ्या. तरीही सरकत असेल तर दुकानात मागे छोटी चुणी घालून देतात. पर्याय म्हणून मखमली पट्टी मिळते, ती कपाळाभोवती घातली की विग न चिकटवता पकडून राहतो.

मग फोटो घेऊन कातरायला बसा. विग डोक्यावर असतानाच कातरायचा, स्टँडवर नाही, कारण प्रत्येकीच्या कपाळाची आणि कानांची जागा वेगळी. कपाळावर चार विरळ बटा ठेवल्या तर कड झाकली जाते. कातरणाऱ्याला "थोडंच" असं तीनदा सांगा. विगचे केस वाढत नाहीत.

टप्पा ९: रोजचं घालणं आणि धुणं

टाळू कोरडी असली पाहिजे. खोबरेल लावायचं तर रात्री, तेही थोडं. तेलकट टाळूवर विग घातला की जाळी कळकट होते आणि घामाचा वास धरते. विग आणि टाळू यांच्यामध्ये पातळ सुती किंवा बांबूच्या धाग्याची टोपी रोज धुतलेली घाला. पहिल्या आठवड्यात दोन-दोन तासांनीच सुरुवात करा. घालून झोपायचं नाही.

सिंथेटिक विग साधारण सात-आठ वेळा घातल्यावर धुवा, उन्हाळ्यात त्याआधीच. कोरडा असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने टोकांपासून वर सोडवा. बादलीभर थंड पाण्यात शाम्पूचं एक झाकण, त्यात विग पाच मिनिटं बुडवून ठेवा, चोळू-पिळू नका. स्वच्छ थंड पाण्यातून काढून टॉवेलमध्ये दाबा. ओला असताना विंचरायचा नाही, तसाच तारेच्या स्टँडवर सावलीत. कळशी उपडी घालून तिच्यावर वाळवणाऱ्या एक काकू मी बघितल्या आहेत. त्यांचा विग दोन धुण्यांत ताणून सैल झाला. खऱ्या केसांच्या विगला कंडिशनर लावला तर फक्त लांबीला लावा, मुळांशी गेला तर हाताने घातलेल्या गाठी सुटतात.

गजरा माळायला हरकत नाही, पण पिन शिवलेल्या केसांच्या पट्ट्यांच्या भागात लावा. मोनोच्या जाळीत किंवा लेसमध्ये पिन खुपसली की तिथून फाटत जातं. सिंदूर, कुंकू जाळीवर सांडलं तर डाग निघत नाही.

विग काही ठिकाणी काढूनच ठेवा: एमआरआयच्या दाराशी, कारण आत धातूचे हूक असू शकतात. ऑपरेशनला जाताना. डोक्याच्या रेडिएशनच्या वेळी. आणि स्वयंपाकघरात, हे तर मघाशी सांगितलंच. स्कूटीवर हेल्मेट घालायचं असेल तर विग पिशवीत ठेवा, सुती टोपीवर हेल्मेट घाला आणि पोचल्यावर विग बसवा. विगवर हेल्मेट चढवलं की तो काढताना हेल्मेटबरोबर येतो. भर पार्किंगमध्ये.

पुरुष आणि लहान मुलं

पुरुषांना बहुतेक दुकानं चिकटवायचा पॅच दाखवतात, तो टाळा. पूर्ण, न चिकटवता बसणारा विग मागा, नाहीतर मशीन मारून टोपी घाला. पुष्कळ जण तेच करतात. लहान मुलांसाठी प्रौढांचा विग लहान करून चालत नाही, मुलांच्या मापाचाच घ्यावा लागतो. आणि मुलाला नको असेल तर आग्रह करू नका. आई-वडिलांना हवा असतो म्हणून घेतलेले विग दप्तराच्या तळाशी सापडतात.

केस परत येताना

शेवटच्या किमोनंतर काही आठवड्यांत लव दिसते आणि पुढे महिन्याला साधारण सेंटिमीटरभर केस वाढतात. सुरुवातीला कुरळे किंवा वेगळ्या रंगाचे येऊ शकतात. खालचे केस वाढले की विग घट्ट होतो. पट्ट्या एकेक हूक सैल करत जा. रंग लावण्याची घाई नको, डॉक्टरांना विचारून मगच.

विग दुसऱ्या कोणाला द्यायचा झाला तर धुऊन, वाळवून, जाळीच्या पिशवीत घालून द्या. आतली टोपी देऊ नका, तिला नवी घेऊ द्या. पिशवीत एक चिठ्ठी ठेवा: घेर किती, पट्ट्या कुठल्या हुकावर होत्या, केस खरे की सिंथेटिक, आणि कुठे खुपतो. वन्संनी तो पहिला काळाभोर विग ठाण्यातल्या एका कॉलेजच्या नाटकवाल्या मुलांना दिला. दुसरा, मऊ अस्तराचा, वन-बी रंगाचा, आता तिसऱ्या बाईकडे आहे. त्याच्या चिठ्ठीवर लिहिलंय: ५५ सेंटिमीटर, दुसरा हूक, डाव्या कानामागे किंचित टोचतो, तिथे कापूस लावा.